खांबाला कार्बनचं कापड: वाचकांचे प्रश्न, इंजिनिअरांची उत्तरं

हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ रिश्टरचे धक्के बसले. त्यानंतर जुन्या आरसीसी इमारती मजबूत करण्याची चर्चा मराठवाड्यात पुन्हा सुरू झाली आणि 'कार्बन रॅपिंग' हा शब्द ठेकेदारांच्या कोटेशनमध्ये दिसू लागला. कार्बन किंवा काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवून खांबाला किंवा बीमला घट्ट चिकटवायचं, अशी ही पद्धत आहे. तिला एफआरपी असंही म्हणतात. ती चांगली आहे, पण ती काय करते आणि काय करत नाही हे पैसे देण्याआधी समजून घ्यायला हवं.

प्रश्न : लातुरात आमची तीन मजली सोसायटी १९९४ ची आहे. खाली सगळं पार्किंग, वर फ्लॅट. ठेकेदार म्हणतो, पार्किंगच्या सगळ्या खांबांना दोन थर कार्बन गुंडाळा, इमारत भूकंपाला पक्की होईल. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमच्या इमारतीचा खरा धोका आहे.

आधी कापड काय करतं ते बघू. खांबावर भार आला की आतलं काँक्रीट आडवं फुगायला बघतं. त्याला आवळून धरण्याचं काम उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आतल्या रिंगांचं. ज्वारी जमिनीवर ओतली तर पसरते, पोत्यात भरली की उभी राहते आणि वर दुसरं पोतं पेलते. रिंगांचं काम तेच. तुमच्या काळातल्या बांधकामात बहुतेक ठिकाणी ६ मिमीच्या रिंगा २०० ते २५० मिमी अंतरावर आणि त्यांची टोकं ९० अंशात वाकवलेली सापडतात. कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, फुटलं की अशी रिंग उघडते. भूकंपात रिंगा कशा असाव्यात हे सांगणारं आयएस १३९२० हे भारतीय मानकच १९९३ मध्ये आलं. त्यात टोकं १३५ अंशात वाकवून आत अडकवायला आणि खांबाच्या दोन्ही टोकांना रिंगा दाट लावायला सांगितलंय. १९९४ च्या इमारतीत ते पाळलं गेलं असण्याची शक्यता कमी. कापड ही उणीव भरून काढतं. रिंगांऐवजी ते काँक्रीटला बाहेरून आवळतं, त्यामुळे खांब एकदम फुटत नाही, थोडा वाकूनही भार धरून ठेवतो.

पण कापडाने खांब ताठ होत नाही, आणि तुमच्या इमारतीत ताठपणाच कमी आहे. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे ते मजले कडक आहेत. खाली नुसते खांब. जमीन हलली की वरचा डबा एकसंध सरकतो आणि सगळी वाकणूक त्या एका मजल्यावर येते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या बऱ्याच होत्या. त्यानंतरच्या २००२ च्या आयएस १८९३ मध्ये अशा तळमजल्याचे खांब आणि बीम अडीच पट बलासाठी डिझाइन करायला सांगितलं गेलं.

म्हणून तुमच्याकडे आधी तळमजला ताठ करावा लागेल. पार्किंगमधल्या दोन खांबांमधल्या काही गाळ्यांत आरसीसीच्या भिंती किंवा लोखंडी तिरकस ब्रेसिंग घालता येतं. ते दोन्ही दिशांना आणि आराखड्यात शक्यतो समतोल हवं. जिना आणि लिफ्ट एका कोपऱ्यात असेल तर इमारत आधीच पिळवटते. नवी भिंतही त्याच कोपऱ्यात घातली तर पीळ वाढतो. नव्या भिंतीला स्वतःचा पाया लागतो, नुसती फरशीवर उभी करून चालत नाही.

दुसरा मार्ग आरसीसी जॅकेटिंगचा, म्हणजे खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवण्याचा. त्यासाठी आयएस १५९८८:२०१३ बघावं. जॅकेटची जाडी किमान १०० मिमी धरायची, म्हणजे २३० × ४५० चा खांब ४३० × ६५० होतो आणि गाडी लावायची जागा जाते. नव्या सळया स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यात आणि खाली पायात न्याव्या लागतात. स्लॅबखालीच तोडलेल्या सळयांचं जॅकेट दिसायला जाड असतं, पण खांबाच्या टोकाला, म्हणजे नेमकं लागतं तिथे, ते काम करत नाही.

हे झाल्यावर, जे खांब ताठ भागात येत नाहीत त्यांच्या टोकांना कापड गुंडाळायला हरकत नाही. हा क्रम उलटा करू नका. किल्लारीचा परिसर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या वेळी धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ मध्ये तो झोन ३ मध्ये आला. तुमच्या इमारतीचं डिझाइन कोणत्या नकाशावर झालं असेल, हे यावरून लक्षात येईल.

प्रश्न : वसमत तालुक्यातली आमची शाळा स्लॅबची आहे. धक्क्यानंतर भिंतींना तिरक्या चिरा दिसल्या. आता रॅपिंग करायचं म्हणतात. आधी काय तपासावं?

आधी चिरा वाचा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, खाली जोत्यापर्यंत गेलेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर बहुधा काळ्या मातीची असते. माती आटते, फुगते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. अशा चिरेवर कोणतंही कापड लावून उपयोग नाही. पाया, जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा आणि बाजूची झाडं बघावी लागतात. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं एक वर्ष मोजलं तर माती की भूकंप हे कळतं. खांबाच्या किंवा बीमच्या काँक्रीटमध्येच तिरकी चीर असेल तर मात्र वर्षभर थांबू नका. त्या खोलीत मुलं बसवू नका आणि इंजिनिअरला बोलवा.

तपासणीत नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) मारून दिलेला अहवाल घेऊ नका. हॅमरवरून सांगितलेली ताकद २५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते, आणि पृष्ठभाग जुना, हवेने कडक झालेला असेल तर आकडा फसवा मोठा येतो. कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढायलाच हवेत. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि त्यातला एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको, अशी आयएस ४५६ ची कसोटी आहे. कोअर काढताना सळई कापली जाऊ नये म्हणून आधी कव्हर मीटरने सळया शोधून खडूने आखून घ्या. त्याच कोअरवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारा. जिथे गुलाबी होतं तिथलं काँक्रीट अजून सळईला जपतंय. जिथे रंग येत नाही तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेमुळे काँक्रीटची सळईला जपायची क्षमता गेलीय. ती खोली कव्हरएवढी झाली असेल तर गंजाचा हिशोब धरूनच पुढचं ठरवावं. दोन-तीन खांबांचं कव्हर थोडंसं फोडून रिंगांचं अंतर आणि त्यांच्या टोकांचा वाक डोळ्यांनी बघा. जुने नकाशे मिळाले तरी हे करा. नकाशात काढलेली रिंग आणि जागेवर बांधलेली रिंग यांत फरक पडतो.

प्रश्न : मी अंबाजोगाईत साइट सुपरवायझर आहे. २३० × ४५० आणि ३०० × ४५० च्या खांबांचं रॅपिंग आमच्याकडे आलंय. प्रत्यक्ष काम कसं करायचं, किती माल लागतो आणि बिघडतं कुठे, ते सविस्तर सांगा.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा कापड लावण्याच्या आधी. त्यामुळे पृष्ठभागावर जास्त वेळ द्या.

गिलावा, पुट्टी, रंग सगळं काढून मूळ काँक्रीट उघडं करा. गिलाव्यावर लावलेलं कापड गिलाव्यालाच चिकटतं आणि पहिल्या ताणात गिलाव्यासकट सुटतं. हातोडा-छिन्नीने ठोकून काँक्रीट ढिलं करू नका. डायमंड कप बसवलेला ग्राइंडर फिरवा, बारीक खडी दिसायला लागेपर्यंत. ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग पूर्ण काढा आणि दुरुस्तीच्या मसाल्याने भरा. ०.३ मिमीपेक्षा रुंद चिरांत आधी इपॉक्सी इंजेक्शन द्या. भरलेला मसाला वाळलाय का, हे बोटाने कळत नाही. ४५ सेंटिमीटर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून १६ तास ठेवा. आतून दव किंवा काळसर ओल दिसली तर थांबा.

कोपरे हा दुसरा मोठा मुद्दा. धारदार कोपऱ्यावर कार्बनचा धागा कापला जातो. गोलाई किमान १३ मिमी त्रिज्येची लागतेच, पण २५ मिमी करा, आवळण्याचा परिणाम बराच सुधारतो. मापायला ५० मिमी आतील व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा उभा चतकोर तुकडा कापून कोपऱ्यावर बसवून बघा. २५ मिमी गोलाईसाठी कोपऱ्यावरून जेमतेम १० मिमी काँक्रीट जातं. कव्हर पातळ असेल आणि सळई दिसायची भीती असेल तर घासण्याऐवजी इपॉक्सी मॉर्टरने गोलाई बांधून घ्या.

तिसरी अडचण आपल्याकडे घरोघर आहे: खांब विटांच्या भिंतीत गाडलेला. उघड्या एका-दोन बाजूंना कापड चिकटवून 'रॅपिंग' म्हणणारी कामं होतात. त्याने आवळणं होत नाही; चारही बाजू पूर्ण फिरून धागा स्वतःवर आला तरच होतं. म्हणून भिंत खांबालगत ७५ ते १०० मिमी उभी कापून हात आणि रोलर जाईल एवढी फट करावी लागते. काम झाल्यावर ती भरून घ्या. भिंत पूर्ण कापायच्या आधी तिच्यावर काही टेकलंय का, लिंटेल कुठे बसलंय, हे बघून टेकू द्या.

धूळ ब्लोअरने किंवा व्हॅक्यूमने काढा. पाण्याने धुऊ नका. कॉम्प्रेसर वापरणार असाल तर त्याच्या हवेत तेल येत नाही ना, हे पांढऱ्या कागदावर मारून बघा.

मग प्रायमर, चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम, रोलरने. काँक्रीटने तो शोषून घेऊन कोरडं दिसलं तर दुसरा हात द्या. त्यावर खड्डे आणि हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळ, सच्छिद्र जागा) भरायला इपॉक्सी पुट्टी; पृष्ठभाग किती खडबडीत आहे त्यावर किलो-दीड किलो जाते. पुट्टी चिकट असतानाच सॅच्युरंटचा, म्हणजे कापड भिजवायच्या इपॉक्सीचा, पहिला हात, त्यावर कापड, आणि कापडावर दुसरा हात. कापड आधी मापाने कापून गुंडाळी करून ठेवा, धाग्यांवर घडी पडू देऊ नका. खांबावर धागे आडवे, म्हणजे खांबाभोवती फिरणारे हवेत. उभे धागे लावलेले दिसले तर ते काम रिंगेचं नाही. खाचांचा रोलर धाग्याच्या दिशेनेच फिरवायचा, मधून कडेकडे, आतली हवा बाहेर येईपर्यंत. आडवा फिरवला तर धागे विस्कटतात. कापड स्वतःवर किमान २०० मिमी चढवा. हा जोड कोपऱ्यावर नको, सपाट बाजूवर घ्या आणि प्रत्येक पट्ट्याचा जोड वेगळ्या बाजूवर ठेवा. वरखाली पट्टे एकमेकांना नुसते भिडवले तरी चालतात. फरशी आणि बीमच्या बुडापाशी १५-२० मिमी मोकळं सोडा, म्हणजे खांब वाकताना कापडाची कड काँक्रीटवर दाबली जात नाही.

आता माल. ३०० × ४५० च्या खांबाचा २५ मिमी गोलाईनंतर परीघ सुमारे १.४६ मीटर होतो. दोन थर एकाच पट्टीत फिरवले तर दोनदा १.४६ आणि जोडाचे ०.२, म्हणजे सुमारे ३.१ मीटर लांबी. फरशीपासून बीमच्या बुडापर्यंत २.७ मीटर उंची पूर्ण गुंडाळायची तर साधारण ८.४ चौरस मीटर कापड. सॅच्युरंट एका थराला चौरस मीटरमागे ७०० ते ९०० ग्रॅम धरा, म्हणजे ६ ते साडेसात किलो. जाड कापड जास्त पितं. प्रायमर किलोभर, पुट्टी चार किलोच्या आसपास. कापणी-वाया जाण्याचे दहा टक्के वर घ्या. फक्त टोकांना आवळायचं असेल तर आयएस १३९२० प्रमाणे टोकाचा भाग खांबाची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा हिस्सा आणि ४५० मिमी, यांतला सर्वांत मोठा. इथे तिन्ही ४५० येतात, म्हणून ५०० मिमी रुंदीचा एक पट्टा वर पुरतो. खाली मात्र फरशीच्या लगेच वर सळयांचा जोड असतो. १६ मिमीच्या सळईला जोडाची लांबी व्यासाच्या ५० पट धरली तर ८०० मिमी. तिथे दोन पट्टे लावा. खांब कातरबलात, म्हणजे शिअरमध्ये, कमी पडत असेल तर पूर्ण उंची गुंडाळावी लागते. हे डिझाइनरने ठरवायचं, साइटवर नव्हे.

आकाराबद्दल सावध राहा. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त असलेल्या, किंवा ९०० मिमीपेक्षा मोठी बाजू असलेल्या खांबात आवळण्याचा फायदा धरू नये असं एसीआय ४४०.२आर ही अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका सांगते. २३० × ४५० जेमतेम बसतो. २३० × ६०० बसत नाही; त्यात कापड शिअरला मदत करेल, भार पेलायची ताकद वाढली असं दाखवू नका.

आणि उन्हाळा. कालवलेलं मिश्रण वापरायची डब्यावर ३०-४० मिनिटं लिहिलेली मुदत सहसा पंचवीस अंशांच्या आसपासची असते. एप्रिल-मेमध्ये परळी-अंबाजोगाईच्या ४२ अंशांत ती अर्ध्याहून कमी होते. मोठी बादली एकदम कालवली तर मिश्रण स्वतःच तापतं, धूर येतो आणि अर्धं वाया जातं. दोन-अडीच किलोचेच घाणे करा, पसरट ट्रेमध्ये ओता, डबे सावलीत ठेवा, काम सकाळी करा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डोळ्याने किंवा मगाने नको, वजनकाट्याने. हळू फिरणाऱ्या ड्रिलने रंगाच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत, सुमारे तीन मिनिटं ढवळा. घट्ट झालं म्हणून थिनर घालणारा माणूस कामावर ठेवू नका. पावसाळ्यात काँक्रीटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर न दिसणारा पाण्याचा थर मध्ये राहतो. कामाला सर्वांत सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटेचं दव उडाल्यावर.

दुसऱ्या दिवशी नाण्याने सगळीकडे ठोकून बघा. पोकळ आवाजाचा डाग दोन बोटांएवढा असेल तर सोडा. तळहाताएवढा असेल तर सिरिंजने इपॉक्सी भरा. १२-१३ सेंटिमीटर चौकोनाहून मोठा असेल तर कापून काढून पुन्हा लावा. वर गिलावा करायचा असेल तर शेवटच्या ओल्या थरावर कोरडी जाड वाळू मारा, नाहीतर गिलावा काचेवर केल्यासारखा घसरतो. पूर्ण ताकदीला सात दिवस द्या.

हार्डनर कातडीला लागून अंगावर खाज-पुरळ येतं आणि एकदा आलेली ॲलर्जी पुढे वाढत जाते. मजुरांना नायट्राइलचे हातमोजे द्या. हात थिनरने धुऊ देऊ नका, साबणाने धुवायला सांगा. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, म्हणून बोर्डाजवळ कापड कापताना मेन स्विच बंद ठेवा.

प्रश्न : नांदेडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या खांबांचं कव्हर फुगून सुटलंय, आतली सळई गंजलीय. वरून रॅप केलं तर गंज बंद पडेल का?

नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणूनच कव्हर फुटतं. आत मीठ आणि ओल असेल तर बंद कापडाच्या आत तो चालूच राहतो, फक्त आता दिसत नाही. मराठवाड्यात बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये आणि क्युरिंगला सर्रास वापरलं गेलंय. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं आयएस ४५६ म्हणतं. म्हणून कोअरची पूड तपासून क्लोराइड मोजून घ्या. घनमीटरला ०.६ किलोच्या वर असेल तर नुसतं वरचं कव्हर बदलून भागणार नाही; मीठ पोचलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागेल.

क्रम असा: आधी टेकू आणि जॅक. एका खांबाचं काँक्रीट काढताना शेजारचा खांब उघडू नका. सळईच्या मागे निदान २० मिमी बोट जाईल एवढं काँक्रीट काढा. सळई तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टने चकचकीत करा. व्यास मोजा, घट जास्त असेल तर जोड देऊन नवी सळई बांधा. मग झिंकचा प्रायमर, बाँड कोट, आणि मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर. हे सगळं सुकल्यावर कापड. उघड्या सळईला कार्बन टेकता कामा नये. कार्बन आणि लोखंड ओलीत एकत्र आले की लोखंड आणखी वेगाने खातं. तशी शंका असेल तिथे मध्ये काचेच्या कापडाचा एक थर द्या. आणि ओल कुठून येते ते बंद करा: संडासाची गळती, गच्चीची पन्हाळी, हे आधी.

प्रश्न : बीमला तीन बाजूंनी 'यू' पट्टे लावले तर शिअरची पूर्ण ताकद मिळते का? (तरुण इंजिनिअर, बीड)

मिळत नाही. वर स्लॅब असल्यामुळे पट्टा पूर्ण फिरत नाही आणि धागा तुटण्याच्या खूप आधी वरच्या टोकापासून काँक्रीटची साल घेऊन सुटतो. म्हणून डिझाइनमध्ये धाग्याचा ताण (स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात वाढ) ०.००४ पर्यंतच धरतात, धाग्याची स्वतःची क्षमता त्याच्या तिपटीहून जास्त असली तरी. महागडा जास्त ताकदीचा धागा इथे वाया जातो. वरच्या टोकांना स्लॅबखाली भोक पाडून धाग्यांचे अँकर रोवले तर फायदा वाढतो. काँक्रीट उपटण्याच्या चाचणीत १.४ मेगापास्कल देत नसेल, किंवा त्याची ताकद १७ मेगापास्कलच्या खाली असेल, तर चिकटण्यावर अवलंबून असलेलं हे कामच करू नका. खांबाचं पूर्ण आवळणं चिकटण्यावर तेवढं अवलंबून नसतं, त्यामुळे कमकुवत काँक्रीटमध्येही ते उपयोगी पडतं. बीम-खांबाच्या सांध्याला मात्र कापड नीट पोचत नाही. तिथे चारी बाजूंनी बीम येतात, म्हणून सांधा कमकुवत असेल तर वेगळा उपाय शोधा.

प्रश्न : उमरगा तालुक्यात आमचं माळवदाचं दगडी घर आहे. त्याला कार्बन लावता येईल का?

लावू नका. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला इपॉक्सी धरत नाही, आणि धरलं तरी भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतातच. किल्लारी-सास्तूर भागात माणसं दगावली ती मुख्यतः अशाच घरांत. तुमच्या घराला तीन कामं हवीत. माळवदावरची मातीची जाडी कमी करा, कारण भूकंपाचं बल वजनावर ठरतं. भिंतीत सुमारे एक-एक मीटरवर आरपार ७५ मिमीचं भोक करून त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरा. यामुळे दोन्ही पापुद्रे बांधले जातात. ही पद्धत किल्लारीनंतर या भागातच वापरली गेली. भोक करताना दगड ठोकू नका, हळूहळू सोडवत काढा. आणि खिडकी-दारांच्या वर व माळवदाखाली जाळी आणि सिमेंट मसाल्याचा पट्टा सगळ्या भिंतींवर अखंड फिरवा. कोपऱ्यावर जाळी तुटली तर पट्ट्याला अर्थ उरत नाही. तपशील आयएस १३९३५ मध्ये आहेत.

प्रश्न : जालन्यात दोन मजली घर आहे. खांब रॅप करून वर तिसरा मजला चढवावा का?

चढवू नये. कापड खांबाला ताकद देईल, पायाला नाही. वजन आणि उंची दोन्ही वाढल्याने खालच्या खांबांवर भूकंपाचं बल वाढतं. हे कापडाने सोडवायचं गणित नाही.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला तीन कोटेशनं आलीत, दर एकमेकांच्या दुप्पट. खरा माल कसा ओळखायचा? स्वयंपाकघराजवळचा खांब असेल तर आगीचं काय?

दर चौरस मीटरला लिहिलाय तो एका थराचा की सगळ्या थरांचा, कार्बनचा की काचेचा, किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅमचा), आणि त्यात ग्राइंडिंग, कोपरे, पुट्टी आहे की नाही, हे लेखी घ्या. दुप्पट फरक सहसा इथेच निघतो. कार्बनचा ताठपणा काचेच्या सुमारे तिप्पट असतो. काचेचं कापड स्वस्त पडतं आणि फक्त आवळायचं असेल तर चालू शकतं, पण सतत भाराखाली ते थकतं. टिकाऊपणासाठी घरातल्या जागी डिझाइनमध्ये कार्बनची ताकद ५ टक्के, काचेची २५ टक्के कमी धरतात.

साइटवर आलेल्या रोलमधून एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. ४३० जीएसएमचं कापड असेल तर वजन २१५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकाच धाग्यावर ठेवा. कार्बन वीज नेतो, काळं रंगवलेलं काचेचं कापड नेत नाही. रेझिनच्या डब्यांची मुदत बघा. खांबावर काम चालू असतानाच त्याच मिश्रणाचे दोन-तीन नमुने पत्र्यावर करून ताण चाचणीला पाठवा. वेगळ्या जागी चिकटवलेल्या तुकड्यांची उपटण्याची चाचणीही करा. तुटणं काँक्रीटमध्ये झालं तर काम बरोबर. चिकटण्याच्या रेषेवर सुटलं तर पृष्ठभाग नीट केला नव्हता.

आगीबद्दल: साध्या हवेत सेट झालेलं इपॉक्सी सहसा ५० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं. डेटा शीटवर हे तापमान 'टीजी' म्हणून दिलेलं असतं, त्यातून १५ वजा करून वापराची मर्यादा धरा. पश्चिमेकडच्या उन्हात तापणाऱ्या खांबाला आणि गॅसशेगडीच्या भिंतीला म्हणून जास्त टीजीचं इपॉक्सी आणि वरून जाड गिलावा हवा. उघड्या उन्हात इपॉक्सी पांढरट पडून झिजतं, तिथे रंगाचा थर लागतोच. पण आगीत कापड गेलं असं धरूनच हिशोब करायचा असतो: कापडाशिवाय मूळ खांब त्याच्या स्थिर भाराचे १.१ पट आणि वापराच्या भाराचे ०.७५ पट पेलू शकतो का? तुमच्या इंजिनिअरने ही ओळ हिशोबात दाखवली नसेल तर कोटेशनवर सही करायच्या आधी ती मागून घ्या.